कनवटीची किल्ली आणि हातातला फोन

सांगलीत आमची हळद-गुळाची अडत आहे. अण्णा हयात असेपर्यंत तिजोरीची किल्ली त्यांच्या कनवटीला असे. स्नानाला जातानाही ती दोऱ्यात बांधून गळ्यात घालीत. मी पंधरा वर्षांचा झालो तेव्हा त्यांनी माझ्या हाती प्रथम गल्ला दिला आणि रोज सायंकाळी शिल्लक किर्दीशी जुळवून दाखविण्याची अट घातली. तिजोरीची किल्ली हाती यायला त्यानंतर कितीतरी वर्षे गेली.

हे सारे आठवण्याचे कारण घरातच घडले. धाकट्या बंधूंचे चिरंजीव आठवीत आहेत. शिकवणीच्या निमित्ताने त्यांना फोन घेऊन दिला आणि बंधूंनी त्यावर गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ची व्यवस्था बसविली. रात्री साडेनऊला फोन बंद व्हावा, नवे अ‍ॅप वडिलांच्या परवानगीवाचून उतरू नये, असा बंदोबस्त होता. दोन महिने सारे सुरळीत चालले. मग एका रात्री दीड वाजता भावजयीला पांघरुणाखाली उजेड दिसला.

चौकशी केली तेव्हा कळले की कुलूप कोणी तोडलेले नव्हते. ते किल्लीनेच उघडले होते. मुलाच्या फोनची किल्ली म्हणजे वडिलांचा फोन, आणि तो रोज रात्री जेवणाच्या वेळी दिवाणखान्यात पडलेला असे. त्याचा पॅटर्न चिरंजीवांना तोंडपाठ होता, कारण दुकानात शेजारी बसून दिवसातून पन्नास वेळा त्यांनी तो पाहिला होता. वेळ वाढविण्याची परवानगी ते स्वतःच स्वतःला देत होते.

बंधूंना घाम फुटला तो मात्र वेगळ्याच कारणाने. त्याच फोनवर पेढीचे बँकेचे संदेश येतात, ओटीपी येतात, व्यापाऱ्यांचे भाव येतात. “थोरले काका, मी पैशाला हात लावला नाही, फक्त वेळ वाढवली,” असे मुलगा रडत सांगत होता. खाती तपासली, एक रुपयाही इकडचा तिकडे झालेला नव्हता. बंधूंचा उगारलेला हात भावजयीने धरला आणि म्हणाली, “किल्ली उघड्यावर कोणी टाकली होती, ते आधी पाहा.”

मला तिचे म्हणणे पटले. आपण व्यापारी माणसे गल्ल्याची किल्ली नोकरासमोर ठेवत नाही, पण पासवर्ड मात्र मुलासमोर खुशाल टंकतो. फॅमिली लिंकमध्ये परवानगी दोन प्रकारे देता येते. एक तर विनंती पालकाच्या फोनवर येते, नाहीतर पालक मुलाच्याच फोनवर आपला पासवर्ड घालून मंजुरी देतो. दुसरी रीत घाईच्या वेळी सोयीची वाटते आणि तिथेच गुपित फुटते. शिवाय आपले अंक तरी कोणते असतात? पेढीच्या पाटीवर रंगविलेले स्थापनेचे वर्ष, स्कूटरचा क्रमांक, दुकानाच्या दूरध्वनीचे शेवटचे चार आकडे. घरातल्या मुलाला ते शोधायला कितीसा वेळ लागणार?

ज्यांच्या घरी आयफोन आहे त्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. त्यात 2018 पासून ‘स्क्रीन टाइम’ची सोय आहे आणि तिचा चार आकडी संकेतांक फोन उघडण्याच्या अंकांहून निराळा ठेवता येतो. तो ठरविताना, विसरल्यास उपयोगी पडावे म्हणून, अ‍ॅपलचे खाते विचारले जाते. तिथे पालकाने स्वतःचेच खाते द्यावे. मुलाचे दिले, तर ‘विसरलो’ म्हणून तो नवा संकेतांक स्वतःच बसवू शकतो.

यूपीआयच्या पिनविषयी तर फार सैलपणा दिसतो. भाजी घेताना आईचे हात भरलेले असतात, म्हणून मूलच पिन घालते. पुढे खेळातील खरेदीलाही तोच पिन चालतो. आमच्या घरी तो त्याच आठवड्यात बदलला. दुकानाच्या खणात पडलेला जुना फोनही बाहेर काढला. सिम नसले तरी घरच्या वाय-फायवर तो उत्तम चालतो, आणि त्यावर कसलेच कुलूप नव्हते.

आणखी एक कबुली द्यावी लागेल. मुलाचे एक खाते उघडताना आम्हीच त्याचे जन्मवर्ष खोटे लिहिले होते, कारण खऱ्या वर्षाने खाते उघडत नव्हते. परिणामी ते अ‍ॅप त्याला प्रौढ समजत होते आणि अल्पवयीनांसाठीचे निर्बंध तिथे लागूच होत नव्हते. आपल्या देशाच्या 2023 च्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती घेण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. खोटे वर्ष लिहिणारा पालक हे संरक्षण स्वतःच्या हाताने गमावतो.

आता घरात नवी रीत सुरू आहे. बंधूंचा फोन बोटाच्या ठशाने उघडतो आणि रात्री त्यांच्या उशाशी असतो. पासवर्ड बंधू व भावजय या दोघांनाच ठाऊक आहेत. ते कागदावर लिहून, पाकीट बंद करून अण्णांच्या तिजोरीत ठेवले आहे. कारण विसरलेल्या पासवर्डापायी सारा फोन पुसण्याची पाळी आमच्याच एका आप्तांवर आली होती. दर रविवारी दुपारी तिघे बसतात. आठवड्यात फोन किती वेळ चालला ते मुलगाच वाचून दाखवितो आणि जास्त वेळ हवा असल्यास कारण सांगून मागतो. परवा क्रिकेटच्या सामन्यासाठी अर्धा तास मागितला, मिळाला. मागच्या रविवारी मागितलेला मिळाला नाही, तेव्हा दोन दिवस अबोला होता.

दहावीची परीक्षा झाली की रात्रीची वेळमर्यादा उठवायची, असे ठरले आहे. चिरंजीवांनी ते किर्दीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले आहे आणि खाली वडिलांची सही घेतली आहे.