अंगणात मेपल की थाइम?

सासूबाई दर उन्हाळ्यात नाशिकहून अ‍ॅशबर्नला येतात. मागच्या अंगणात दुपारनंतर ऊन असे तापते, की सहा वाजेपर्यंत त्या दाराबाहेर पडत नाहीत. तेव्हा सावलीसाठी रेड मेपल लावावा, की जमिनीवर पसरणारा थाइम, हा आमच्या घरातला वाद यंदा निकालात काढायचा होता.

रेड मेपल ४० ते ६० फूट वाढतो. पश्चिमेला लावला तर उन्हाळ्यात सावली देतो आणि थंडीत पाने गळाली की घरात ऊन येऊ देतो. पण त्याची मुळे उथळ असतात. भिंतीपासून निदान २० फूट सोडावेत. टाउनहाउसवाल्यांनी हा नाद सोडलेला बरा.

थाइमची उंची दोन-तीन इंच. त्याच्यात आणि आपल्या ओव्यात थायमॉल हे एकच द्रव्य असते, त्यामुळे पाय पडला की स्वयंपाकघर आठवते. तुळस पहिल्या कडक थंडीत जाते, हा मात्र टिकतो. पण रोज सहा तास ऊन हवेच. शिवाय इथली चिकणमाती ओली राहिली की मुळे कुजतात. खडी मिसळून जागा थोडी उंच करावी.

म्हणजे मेपलखाली थाइम जगणार नाही. आम्ही झाड पश्चिमेच्या कुंपणाकडे आणि थाइम दक्षिणेच्या पायऱ्यांपाशी, असे ठरवले. खरी सावली पडायला आठ-दहा वर्षे लागतील, तोवर छत्री. (सासूबाईंना हे अजून सांगितलेले नाही!)

झाड ऑक्टोबरात लावावे. खणण्याच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करा. जमिनीखालच्या वीज-गॅसच्या वाहिन्यांवर फुकट खुणा करून मिळतात. आणि ब्रॅडफर्ड पेअरच्या पांढऱ्या फुलांना भुलू नका, वादळात ते झाड मधोमध फाटते.