हत्तीवाले, गेंडेवाले आणि एक डॉलरचे तिकीट

कलासमीक्षकांच्या दरबारी वन्यजीव चित्रकाराला फारसा मान नाही. वाघ-हत्ती काढतो म्हणजे कॅलेंडरवाला, असा निकाल लागून जातो. तो पुष्कळदा खराही असतो. पण जंगलांसाठी रोख रक्कम उभी करण्यात हेच कॅलेंडरवाले पुढे राहिले. माझ्या मते प्रतिष्ठित वर्तुळाबाहेर राहिले म्हणूनच त्यांना ते जमले. त्यांचे गिऱ्हाईक साधे होते. त्याला दिवाणखान्यात लावायला हत्ती हवा होता.

डेव्हिड शेफर्ड (1931–2017) या इंग्रज पोराला केनियात अभयारण्याचा रक्षक व्हायचे होते. तिथे कुणी दारात उभे केले नाही. मग मालिंदीच्या एका हॉटेलात नोकरी केली, फावल्या वेळात पक्षी रंगवून विकले आणि परतीचे भाडे जमवले. लंडनच्या स्लेड कलाशाळेनेही त्याला वाटेला लावले. त्याला निखळ स्वशिक्षित म्हणता येणार नाही, कारण पुढे रॉबिन गुडविन या चित्रकाराने तीन वर्षे हाताखाली घेऊन त्याला घडवले. विमानांची चित्रे काढून तो पोट भरू लागला. 1960 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने त्याला केनियात नेले, तर तिथल्या अधिकाऱ्यांना विमाने नको होती, ‘इथले काहीतरी’ हवे होते. त्याने गेंडा काढला, तोही विमानाच्या मागे लागलेला! त्याच सुमारास टांगानिकात (आजच्या टांझानियात) त्याने एक पाणवठा पाहिला. चोरट्या शिकाऱ्यांनी पाण्यात विष कालवले होते आणि भोवती 255 झेब्रे मरून पडले होते. तेव्हापासून कुंचल्याची कमाई प्राण्यांकडे वळली.

त्याचे हत्ती मला थोडे गोडच वाटतात. पण ‘वाइज ओल्ड एलिफंट’च्या छापील प्रती ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानांतून अडीच लाखांच्या घरात खपल्या. चित्र असे घरोघरी गेले की नावाला बाजारात वजन येते आणि ते वजन पुढे वसूल करता येते. 1973 मध्ये ‘टायगर फायर’च्या मर्यादित प्रती विकून वाघांसाठी 1,27,000 पौंड उभे राहिले. त्याच वर्षी भारतात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. 1984 मध्ये शेफर्डने स्वतःची संस्था काढली. (चित्रांच्या पैशातून या गृहस्थाने वाफेची दोन इंजिनेही विकत घेतली. तेही जतनच म्हणा!)

सायमन कूम्ब्स मात्र खरा स्वशिक्षित. 1940 साली इंग्लंडमध्ये जन्मला, केनियात वाढला, सैन्यात अधिकारी झाला आणि 1974 मध्ये वर्दी उतरवून पूर्णवेळ चित्रकार. नाकुरू सरोवराकाठच्या गेंडा अभयारण्याच्या कामात त्याने स्वतःला जुंपून घेतले. हा माणूस चित्रातल्या प्राण्यांच्या शेजारीच राहत होता. डिसेंबर 2004 मध्ये रिफ्ट व्हॅलीतल्या घराजवळ फिरायला गेला असताना रानम्हशीने त्याला मारले.

चित्रातून पैसा काढण्याची सर्वांत चोख व्यवस्था मात्र अमेरिकी सरकारची. 1934 मध्ये व्यंगचित्रकार जे ‘डिंग’ डार्लिंग याने पाणथळीवर उतरणारी बदकांची जोडी रेखाटली. तिचे एक डॉलरचे तिकीट निघाले. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याने ते विकत घ्यायचे आणि त्यावर शाईने आडवी सही करायची. डॉलरमागे 98 सेंट दलदली राखायला जातात. म्हणजे बदके मारणाऱ्याच्याच खिशातून बदकांचे घर! आता किंमत 25 डॉलर आहे. 1949 पासून तिकिटाचे चित्र खुल्या स्पर्धेतून निवडतात. पदवी कुणी विचारत नाही, पिसांचा तपशील मात्र डोळ्यांत तेल घालून तपासतात. विजेत्याला सरकार रोख काही देत नाही, मंत्र्याच्या सहीचा तिकिटांचा एक कागद तेवढा मिळतो. चित्राच्या प्रती काढून विकण्याचा हक्क मात्र त्याचाच राहतो, आणि खरी कमाई तिथेच होते.