उंची अधिक आठ इंच: एका ठोकताळ्याची उकल

पॅडलबोर्डिंगचं सामान घ्यायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "उंची किती?" तुम्ही उंची सांगता, समोरचा त्यात सहा ते दहाच्या मधले, म्हणजे साधारण आठ इंच मिळवतो आणि पॅडल हातात देतो. बहुतेकांचं त्यावर भागतंही. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर इथेच जरा थांबा. हे आठ इंच आले कुठून? आणि ते कोणाच्या बाबतीत चुकतील?

हा प्रश्न मी मुद्दाम निवडलाय. प्रत्येक विषयात असे काही आकडे असतात, जे सगळे बिनदिक्कत वापरतात आणि कोणी उघडून बघत नाही. असा आकडा उघडायचा कसा, याचा सराव लहान गोष्टीवर केलेला बरा.

आधी खेळ समजून घेऊ

स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणजे रुंद बोर्डवर उभं राहून एकाच पात्याच्या लांब वल्ह्यानं पुढे जाणं. गोव्यात किंवा तारकर्लीच्या बाजूला हे तुम्ही पाहिलं असेल. यातलं वल्हं, म्हणजे पॅडल, आणि रोइंगचं वल्हं यांत मोठा फरक आहे. चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. त्या प्रकारात वल्हं होडीला अडकवलेलं असतं आणि एका ठरलेल्या बिंदूभोवती फिरतं. त्यामुळे त्याची लांबी मुख्यतः होडीच्या मांडणीवरून ठरते. पॅडलबोर्डवर असा टेकू नाही. टेकू तुमचे दोन हात आणि खांदेच. म्हणून इथे लांबी शरीरावरून ठरते, आणि लांबी चुकली तर किंमतही शरीरच मोजतं.

किती? मिनिटाला ४० स्ट्रोक धरले तर तासाला २,४०० झाले. पॅडल लांब असेल तर वरचा हात दर वेळी खांद्याच्या वर जातो आणि तिथूनच जोर लावतो. असं २,४०० वेळा. शिवाय कार्बनचं पॅडल बहुधा मापानं कापून, मूठ चिकटवून मिळतं. एकदा कापलेलं परत वाढत नाही.

आकडा उघडू या

स्ट्रोकच्या मध्यावर पॅडल उभं असतं, पातं पूर्ण बुडालेलं असतं आणि वरचा हात साधारण खांद्याच्या पातळीवर असतो. त्या क्षणी पॅडलची लांबी म्हणजे तीन तुकड्यांची बेरीज:

लांबी = पात्याची लांबी + पाण्यापासून बोर्डच्या माथ्याची उंची + बोर्डपासून वरच्या हाताची उंची

आता १६० सेंमी उंचीची, ६० किलो वजनाची एक व्यक्ती घेऊ. पातं ४५ सेंमी धरू. हवा भरायचा बोर्ड १५ सेंमी जाड असतो. त्याचं वजन १० किलो आणि पाण्याला टेकणारं क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरू. एकूण ७० किलो म्हणजे ७० लिटर पाणी बाजूला सारायचं. त्याला २ चौरस मीटरनं भागलं की बोर्ड साडेतीन सेंमी बुडतो. वर उरले ११.५.

तिसरा तुकडा खांद्याचा. खांदा साधारण उंचीच्या ०.८२ पट उंचीवर असतो, म्हणजे १३१ सेंमी. पण आपण ताठ उभे नसतो. गुडघे थोडे वाकलेले, कंबरेतून पुढे झुकलेले. त्यात ८ सेंमी गेले असं मानू. उरले १२३.

४५ + ११.५ + १२३ = १७९.५ सेंमी. म्हणजे उंचीपेक्षा साडेएकोणीस सेंमी जास्त. आठ इंच म्हणजे २०.३ सेंमी. ठोकताळा जवळपास तसाच्या तसा बाहेर आला!

पण खरा फायदा जुळणीत नाही. आता कुठला तुकडा किती हलतो ते बघता येतं. वजन ६० वरून ९० किलो केलं तर बोर्ड आणखी दीड सेंमी बुडतो. तळ्याऐवजी समुद्राचं पाणी घेतलं तर फरक एक मिलिमीटरही नाही. कंबरेतून जास्त झुकायला शिकलात आणि खांदा ५ सेंमी आणखी खाली आला, तर पॅडल ५ सेंमी कमी लागतं. वरचा हात खांद्याऐवजी कपाळापाशी ठेवायची सवय असेल तर सुमारे २० सेंमी जास्त. म्हणजे वजन आणि पाणी यांच्यापेक्षा तुमची पद्धत कितीतरी मोठी आहे. ठोकताळ्यातल्या "उंची" या शब्दामागे खरं तर "तुम्ही कसे उभे राहता" हे दडलेलं आहे. एकाच उंचीच्या दोघांना वेगळी लांबी लागते ती यामुळेच.

प्रयोगाआधी कागदावर असा हिशेब केलात तर काय मोजायचं आणि काय सोडायचं हे आधीच कळतं. क्षार मोजायचं यंत्र मागवायची गरज नाही; बाजूनं व्हिडिओ घ्यायची आहे.

मग पद्धत कुठली?

उथळ पाण्यात होडी बांबूनं रेटताना बांबू तळाला टेकतो, जागचा हलत नाही, होडी पुढे जाते. पॅडललाही शक्य तितकं तसंच वागवायचं. पातं रोवायचं आणि बोर्ड त्याच्याकडे न्यायचा. पाणी मागे ढकललं जातंच, पण पातं जितकं कमी घसरेल तितकी मेहनत कमी वाया जाते. यातूनच बाकीचे नियम निघतात.

पातं दांड्याशी थोडा कोन करतं. तो कोन पुढच्या बाजूला हवा. नवखे बहुधा उलटं धरतात, कारण चमच्यासारखं धरावंसं वाटतं. पुढे पोहोचायचं ते धड वळवून, फक्त हात ताणून नाही. पातं पूर्ण बुडेपर्यंत ओढायचं नाही. अर्धवट बुडालेलं पातं हवा ओढतं आणि घसरतं. घोट्यापाशी आलं की बाहेर काढायचं. त्यापुढे ते पाणी वर उचलतं आणि बोर्डची शेपटी खाली दाबतं.

शेवटचं म्हणजे समोरून पाहताना दांडा उभा हवा आणि पातं बोर्डच्या कडेलगत. बोर्ड ८० सेंमी रुंद असेल तर कड मध्यापासून ४० सेंमीवर येते. पातं मध्यापासून ५० ऐवजी ६५ सेंमीवर चालवलंत तर तेवढ्याच जोरात बोर्ड वळवणारा परिणाम ३० टक्क्यांनी वाढतो. मग सारखी बाजू बदलावी लागते.

हे तपासायचं कसं?

विक्रोळीत राहणाऱ्याला दोन्ही बाजूंना पाणी आहे आणि दोन्ही या कामाचं नाही. पश्चिमेला पवई तलावात मगरी आहेत. पूर्वेला ठाणे खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, आणि खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. पण पहिला टप्पा घरीच होतो. १५ सेंमीच्या पाटावर वाकलेल्या स्थितीत उभे राहा, मित्राला बाजूनं फोटो काढायला सांगा, भिंतीवरच्या खुणांवरून खांद्याची उंची मोजा. तिसरा तुकडा हातात आला.

पाण्यावरचा टप्पा परवानगी असलेल्या जागी, लाइफ जॅकेट घालून, प्रशिक्षकाबरोबर करा. लांबी बदलता येणारं एकच पॅडल वापरा, म्हणजे वजन आणि पातं बदलत नाही. समजा १७५, १८० आणि १८५ अशा तीन लांब्या तपासायच्या आहेत. सगळ्यांना याच क्रमानं दिल्या तर १८५ ला थकवा आणि सराव दोन्ही चिकटतील. तीन लांब्यांचे सहा क्रम होतात. सहा जण घ्या, प्रत्येकाला चिठ्ठी टाकून एक क्रम द्या. दांड्यावरचे आकडे चिकटपट्टीनं झाका. आणि लक्षात ठेवा, प्रत्येकाचं शरीर आपल्या जुन्या लांबीला सरावलेलं असतं. एका दिवसात जिंकणारी लांबी ही कदाचित फक्त ओळखीची लांबी असेल.

काय मोजायचं? वेग म्हणजे मिनिटाचे स्ट्रोक गुणिले एका स्ट्रोकमधलं अंतर. दोन्ही वेगवेगळे नोंदवा, कारण तोच वेग लहान-जलद स्ट्रोकनंही येतो आणि लांब-संथ स्ट्रोकनंही. खांद्याला मात्र ते सारखं नाही.

वाऱ्यासाठी २०० मीटर जा आणि परत या. समजा जाताना १४० सेकंद लागले, येताना १८०. दोन वेगांची सरासरी १.२७ मीटर प्रति सेकंद येते. पण एकूण ४०० मीटर भागिले ३२० सेकंद म्हणजे १.२५. बरोबर उत्तर दुसरं. फरक दीड-दोन टक्क्यांचा आहे, पण लांबीचा परिणामही तेवढाच असू शकतो.

आणखी एक अडचण. पाण्याचा अवरोध साधारण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून लागणारी शक्ती घनानं. वेग २ टक्के वाढवायला शक्ती सुमारे ६ टक्के जास्त लागते. उलट वाचा: मेहनतीतला बराच मोठा फरक वेगात अगदी लहान दिसतो. म्हणून वेग ठरवून द्या आणि हृदयाचे ठोके मोजा. तिथे फरक दिसायची शक्यता जास्त.

आता तुमच्या विषयातला असा एक "अधिक आठ इंच" घ्या: नमुन्यासाठी ३० जण, ५ टक्क्यांची मर्यादा, काहीही. त्याचे तुकडे कागदावर मांडा, प्रत्येक तुकडा थोडा हलवून बघा आणि उत्तर सगळ्यात जास्त कशानं हलतं ते लिहून काढा. मार्गदर्शकांना भेटायला जाताना तो कागद बरोबर न्या.