बारा तोंडांची मुकी वस्तू

एखादी अनोळखी वस्तू हातात आली तरी ती कशासाठी असेल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. धार असली तर कापण्यासाठी, खोलगट असली तर काही ठेवण्यासाठी. पण रोमन साम्राज्यातल्या एका वस्तूपुढे भल्याभल्या पंडितांचे अंदाज पावणेतीनशेहून अधिक वर्षं हरत आले आहेत.

वस्तू तांब्याच्या मिश्रधातूची, आतून पोकळ. तिला बारा पंचकोनी बाजू, म्हणून ती द्वादशफलक. प्रत्येक बाजूच्या मध्यावर गोल भोक, आणि भोकं लहानमोठी. वीसही कोपऱ्यांवर एकेक गोल गुंडी. आकार चार ते अकरा सेंटिमीटर, म्हणजे लिंबापासून मोठ्या संत्र्याएवढा. असली पोकळ, सुबक वस्तू ओतणं हे कसबी ओताऱ्याचंच काम. ती स्वस्त नसणार.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर परगण्यात १७३९ साली अशा वस्तूची पहिली नोंद झाली. आजवर शंभराहून अधिक मिळाल्या. काळ साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकाचा. नॉर्टन डिस्ने या इंग्लिश खेड्यात २०२३ साली हौशी उत्खननकर्त्यांना एक अखंड द्वादशफलक मिळाला. वजन २४५ ग्रॅम, झिजल्याची खूण नाही.

आता तर्क ऐका. कुणी म्हणालं, मेणबत्तीची बैठक. एखाद्यात मेणाचे अंश मिळालेही. पण मेणबत्तीला बारा बाजू कशाला? कुणी म्हणालं, अंतर मोजायचं साधन. पण त्यावर आकडे नाहीत, आणि एकाची मापं दुसऱ्याशी जुळत नाहीत. मोजमापाचं साधन घरोघरी वेगळं असून कसं चालेल? अलीकडे काहींनी त्यावर लोकरीचे हातमोजे विणून दाखवले. मौज आहे, पण त्या काळात तसं विणकाम होतं याला पुरावा नाही. उरतो धर्म. जिनिव्हात १९८२ साली सापडलेल्या, चांदीने मढवलेल्या एका भरीव द्वादशफलकावर बारा राशींची नावं आहेत, आणि प्लेटोने ही आकृती विश्वाशी जोडली होती. म्हणून अनेक अभ्यासकांचा कल विधी किंवा भविष्यकथनाकडे आहे. मलाही तेच पटावंसं वाटतं. मात्र वस्तूचा उपयोग कळला नाही की ती पूजेची ठरवायची, ही संशोधकांची जुनी खोडही विसरून चालत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. रोमन लोक लिहिणारे होते. शेती, पाणीपुरवठा, स्वयंपाक, सगळ्यावर त्यांनी लिहिलं. या वस्तूबद्दल एक ओळ नाही, एक चित्र नाही. आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती निघाली. इतक्या दूर येऊनही तो ओळखू आला, कारण त्याची कथा लिहिलेली होती. द्वादशफलकाची कथा कुणी लिहिली नाही. त्यातून या वस्तू इटलीत मिळतच नाहीत. मिळतात त्या ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, स्वित्झर्लंड अशा वायव्येकडच्या भागात. तिथल्या केल्टिक समाजाच्या चालीरीती बहुतेक तोंडीच चालत. ग्रंथ लिहिणारे रोमला, वस्तू वापरणारे सरहद्दीवर! शिवाय जे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, ते लिहावंसं कुणाला वाटत नाही. आपला अडकित्ता घ्या. उद्या सुपारी नाहीशी झाली, पुस्तकंही गेली, तर मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता पाहून पंडित काय म्हणतील? मोरदेवाची उपासना!

बेल्जियममध्ये कॉर्टेसेमजवळ शेतात एका हौशी शोधकाला द्वादशफलकाचा एक लहानसा तुकडा मिळाला. एक कोपरा आणि भोकाची जेमतेम कड. २०२३ साली टोंगेरेनच्या गॅलो-रोमन संग्रहालयाने तो जाहीर केला. तो जाणूनबुजून मोडला गेला असावा, असं तिथल्या अभ्यासकांना वाटतं. त्याच संग्रहालयात १९३९ साली गावाच्या रोमन तटाबाहेर मिळालेला अखंड द्वादशफलकही आहे.