‘च’चा काच

गेल्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी तिसऱ्या मिनिटाला व्यासपीठावरून खाली उतरले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. पाठ केलेले पुढचे वाक्य आठवेना, समोरचे चेहरे एकमेकांत मिसळू लागले आणि ‘धन्यवाद’ म्हणण्याचेही भान राहिले नाही. नंतरचे आठ-दहा दिवस मी वर्गात मागच्या दाराने ये-जा करीत होते. मानसशास्त्र हा माझा विशेष विषय. ‘स्वतःचे मन सांभाळता येत नाही आणि निघाली दुसऱ्यांच्या मनाचा अभ्यास करायला!’ हा टोमणा दुसऱ्या कोणी मारण्याआधी मीच स्वतःला मारून घेतला होता.

या लेखाचे निमित्त ते. मन निरोगी असणे म्हणजे काय आणि माणूस आतून वाढतो म्हणजे काय, याविषयी मानसोपचार करणारी मंडळी काय म्हणतात ते मी पुढे वर्षभर वाचत गेले. त्यांच्यात एकमत मुळीच नाही. मला उपयोगी पडलेल्या दोघांचेच म्हणणे येथे मांडते.

पहिले डॉ. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७). हे न्यूयॉर्कमध्ये वाढले. त्यांना तरुणपणी मुलींशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला एक नेम घालून घेतला. ब्रॉन्क्समधील वनस्पती उद्यानात महिनाभर जायचे, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचे आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्यांनीच सांगितलेल्या हिशेबानुसार अशा १३० जणी भेटल्या, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले. पुन्हा भेटायचे कबूल केले एकीनेच, आणि तीही आली नाही. (त्या शंभर जणींना काय वाटले असेल, हा प्रश्न एक मुलगी म्हणून मला पडल्याशिवाय राहिला नाही.) परीक्षेच्या भाषेत सांगायचे तर गुण शून्य. पण भीती गेली.

पुढे एलिस मनोविश्लेषणाची पद्धत शिकले. मात्र बालपणीच्या आठवणी उकरत राहून माणसे लवकर सुधारत नाहीत, असे त्यांचे मत झाले आणि १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची उपचारपद्धती सुरू केली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत आपल्याकडे शिकवली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी अनेकांनी वाचली असेल. नसेल तर ती जरूर वाचावी.

एलिस यांचे म्हणणे थोडक्यात असे की, घटना आपल्याला थेट दुःखी करीत नाही. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते. ही कल्पना जुनीच आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने ती सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी मांडली होती आणि एलिस ते ऋण मोकळेपणाने मान्य करीत. त्यांनी भर घातली ती वेगळी. ती समजूत नेमकी कोठे बिघडते, हे त्यांनी दाखवले. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा झाली, तिने कोणाचे काही बिघडत नाही. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ म्हटले की ती मागणी होते, जणू जगाने आपल्याला तसे लिहून दिले आहे! इंग्रजीत यासाठी वेगळे क्रियापद लागते. आपल्या मराठीत एका अक्षरात काम होते. तो ‘च’ काढला तर अपयशाने वाईट वाटते, ठेवला तर माणूस कोसळतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. निरोगी मन म्हणजे सदा हसरे मन, असे एलिस कोठेही म्हणत नाहीत. हरल्यावर दुःख व्हावे, परीक्षेआधी काळजी वाटावी. काळजीने माणूस अभ्यासाला बसतो. चिंता मात्र त्याला पुस्तकापासून उठवते. आत्मविश्वास वाढवा, स्वतःला श्रेष्ठ माना, हा भिंतीवरच्या सुविचारांचा उपदेशही त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते आज स्वतःला श्रेष्ठ ठरवणारा माणूस उद्या हरला की स्वतःला कनिष्ठ ठरवणारच. भाषणाला गुण द्यावेत, भाषण करणारीला देऊ नयेत. हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीशी बसले होते. बारावीपासून मी स्वतःकडे गुणपत्रिकेसारखीच पाहत आले होते.

एलिस आपल्या रुग्णांना लाज घालवण्याचा एक गृहपाठ देत. भुयारी रेल्वेत बसून येणाऱ्या स्थानकांची नावे मोठ्याने पुकारायची! मी तो दिवाळीच्या सुट्टीत सातारा-कराड एसटीत केला. ‘नागठाणे!’ म्हणून ओरडले तेव्हा घशातून निम्माच आवाज निघाला. अतीतला बरा निघाला. कंडक्टर म्हणाले, “ताई, उद्यापासनं मशीन बी तुमीच घ्या.” सगळी गाडी हसली. शेजारच्या आजींनी मात्र गंभीरपणे विचारले, “काशीळ आलं की सांगशील न्हवं गं?” मी सांगितले. त्या उतरल्या. उंब्रजपर्यंत माझे कान गरम होते, एवढेच.

तरीही एलिस मला पूर्ण पटत नाहीत. दुष्काळात पीक गेलेल्या माणसाला ‘तुझी समजूत तपासून पाहा’ म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. शिवाय स्पर्धेनंतरच्या त्या पहिल्या आठवड्यात मला कोणी हा युक्तिवाद ऐकवला असता, तर मी दार लावून घेतले असते. येथे दुसरे गृहस्थ येतात, डॉ. कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७). त्यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या अटींपैकी तीन प्रसिद्ध आहेत. उपचार करणाऱ्याने समोरच्याच्या जागी उभे राहून त्याचे मन जाणावे, त्याला अटी न घालता स्वीकारावे आणि स्वतः मुखवटा घालू नये. एवढे झाले की वाढ आतूनच होते, अशी त्यांची श्रद्धा होती. लहानपणी त्यांच्या घराच्या तळघरात साठवलेल्या बटाट्यांना हिवाळ्यात फिकट कोंब फुटत आणि ते दूरच्या लहानशा खिडकीच्या दिशेने वाढत जात. तो दाखला त्यांनी पुढे दिला आहे. आपल्या घरी कॉटखाली पसरलेल्या बटाट्यांकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते.

१९६५ च्या एका चित्रफितीत एकच स्त्री या दोघांशी आणि फ्रिट्झ पर्ल्स यांच्याशी पाळीपाळीने बोलते. त्यात एलिस बरेच बोलतात, रॉजर्स बहुतेक ऐकतात. माझ्या बाबतीत रॉजर्सांचे काम वसतिगृहातल्या मैत्रिणीने केले. ती तीन रात्री माझे तेच तेच ऐकत राहिली आणि एकदाही ‘त्यात काय एवढं’ म्हणाली नाही. तिने मानसशास्त्र घेतलेले नाही, तिचा विषय भूगोल आहे.

हे सारे वाचून स्वतःच स्वतःवर उपचार करावेत, असे मात्र माझे सांगणे नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणे नकोसे झाले आहे, अशा वेळी तज्ज्ञांकडेच जावे. २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

यंदाच्या स्पर्धेत मी पुन्हा नाव दिले. पाय थरथरत होते, दोन ठिकाणी अडखळले, पण पाचही मिनिटे बोलले. क्रमांक आला नाही. बाहेर मॅडम भेटल्या. त्यांनी विचारले, “वाईट वाटतंय का?”

“वाटतंय,” मी म्हटले.

“फार?”

“नाही. पहिला आला त्याचं भाषण खरंच चांगलं झालं.”