काढ्यातली गुळवेल खरी की दुसरीच वेल? प्रयोगशाळेत हे कसं कळतं?

कोरोनाच्या काळात मुंबईत घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. कुणी काष्ठौषधींच्या दुकानातून चूर्ण आणलं, कुणी आवारातली वेल तोडली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं त्यात म्हटलं होतं.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, याची खात्री लेखकांनी करायला हवी होती, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. गुळवेलीचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यकृताला त्रासदायक ठरू शकते.

मग वाटीत नेमकं काय होतं, हे ओळखायचं कसं?

कावीळ आणि परळचं संशोधन

याच गुळवेलीवर परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शारदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी संशोधन केलं होतं. पित्ताचा मार्ग तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या काळात गुळवेल देण्यात आली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष आशादायक होते. पण अशा अभ्यासात वनस्पती कोणती, मात्रा किती, रुग्ण कोण हे आधी ठरलेलं असतं. घरच्या काढ्यात यातलं काहीच ठरलेलं नसतं.

तपासणी कशी होते?

१. ओळख: खोडाचा पातळ काप किंवा चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींच्या रचनेवरून वनस्पती ओळखता येते.

२. रासायनिक ठसा: चूर्ण झालं की डोळ्यांना फरक कळत नाही. मग त्याचा अर्क एका पट्टीवर लावून ती द्रावणात उभी करतात. अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीपर्यंत चढतात आणि अतिनील प्रकाशात त्यांचे पट्टे दिसतात. ते अस्सल नमुन्याच्या पट्ट्यांशी जुळवून पाहतात. या पद्धतीला एचपीटीएलसी म्हणतात. एचपीएलसी या दुसऱ्या यंत्रावर ठरावीक घटक किती आहे, हे मोजता येतं.

३. भेसळ आणि दूषण: जड धातू, कीटकनाशकं, जिवाणू आणि बुरशीची विषं तपासतात. वनौषधींमध्ये शिसं १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएमपेक्षा जास्त नसावं, अशी मर्यादा आहे. एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग.

वनस्पती बदलली तर काय होतं?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एक चिनी वनौषधी वापरली जात होती. चिनी नावांतल्या साधर्म्यामुळे तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती गेली. शंभरहून अधिक जणांची मूत्रपिंडं खराब झाली, काहींना पुढे कर्करोगही झाला. कारखान्यात शिरण्याआधी कच्च्या मालाची नीट ओळख पटली असती, तर हे टळलं असतं.

चाचणीत पास म्हणजे सुरक्षित?

तसं नाही. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्यांपैकी अनेकांमध्ये स्वयंप्रतिकार विकाराची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर हल्ला करत असल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने मात्र गुळवेल सुरक्षित असल्याची भूमिका कायम ठेवली. प्रयोगशाळा वनस्पती कोणती आणि ती शुद्ध आहे का, एवढं सांगते. ती तुमच्या शरीराला मानवेल का, हे सांगत नाही.

विकत घेताना काय पाहाल?

- पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख आणि मुदत आहे का?
- घटकांची नावं आणि प्रमाण लिहिलंय का?
- सुटं चूर्ण किंवा स्वतः तोडलेली वेल असेल, तर जाणकाराकडून ओळख पटवली आहे का?
- यकृताचा किंवा स्वयंप्रतिकार विकार असेल, तर डॉक्टरांना विचारलंय का?

डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर काढा लगेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना उरलेलं चूर्ण सोबत न्या. तपासायचं म्हटलं, तर तोच नमुना लागतो.