फिक्स दात बसवताना : मुळशीकरांसाठी इम्प्लांटची माहिती

दाढ काढली की पुष्कळ जण दुसऱ्या बाजूने चावायला लागतात आणि विषय तिथेच मिटतो. पण मुळाचा आधार गेला की त्या जागचं जबड्याचं हाड झिजू लागतं आणि पहिल्याच वर्षात बरंच अरुंद होतं. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात. म्हणून इम्प्लांट करायचं ठरलं असेल, तर ते वर्षानुवर्षं लांबवू नये. शस्त्रक्रिया साधारण तासाभराची असते. दात टिकणार की नाही, हे मात्र त्यानंतरच्या महिन्यांत आपण काय करतो यावर बरंच ठरतं.

इम्प्लांट म्हणजे काय

‘फिक्स दात’ किंवा ‘स्क्रूचा दात’ म्हणतात त्याचे तीन भाग असतात : हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्याला जोडणारा अबटमेंट आणि वर दिसणारी कॅप. स्क्रू साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब असतो.

स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडात टायटॅनियमची उपकरणं बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. काम संपल्यावर ती उपकरणं निघेनात; हाडाने धातूला घट्ट धरलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. २००६ मध्ये तो वारला, तोवर ते त्याला साथ देत होते.

आधीची तपासणी

सीबीसीटी स्कॅनमध्ये हाडाची उंची-रुंदी, खालच्या जबड्यातली नस आणि वरच्या जबड्यालगतची सायनसची पोकळी दिसते. हाड कमी असेल तर आधी हाडाची भर घालावी लागते. मधुमेह असेल तर एचबीएवनसी तपासून साखर आटोक्यात आणावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा हाडं ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावं. मनाने काहीही बंद करू नये.

खर्चाचा तपशील लेखी मागावा. स्क्रू, अबटमेंट, कॅप, स्कॅन आणि हाडाची भर यांपैकी कशाचे पैसे आकड्यात धरलेत आणि कशाचे नाहीत, ते कळायला हवं. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठ, पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील आणि कॅम्पात रंगूनवाला अशी दंत महाविद्यालयं आहेत. तिथेही चौकशी करावी.

तारीख कधीची घ्यावी

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वाकणं आणि ओझं उचलणं टाळावं लागतं, कारण त्याने रक्तस्राव आणि सूज वाढते. जुलैत भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी चालते, ताम्हिणीकडचा पाऊसही ऐन भरात असतो. त्या दिवसांत जखमही सांभाळत नाही आणि तपासणीला पुण्याला जाणंही होत नाही. लावणीआधीचा उन्हाळा किंवा कापणी-झोडणी उरकल्यानंतरचे दिवस बरे. जाताना सोबत कुणीतरी असावं आणि परतताना गाडी त्यांनीच चालवावी.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

बहुतेक वेळा फक्त तेवढी जागा बधिर करतात, त्यामुळे हलकं खाऊन आणि रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेऊन जावं. ड्रिल चालू असताना त्यावर सतत थंड सलाइनची धार सोडतात. हाडाचं तापमान ४७ अंशांवर जाऊन मिनिटभर टिकलं तरी तिथल्या पेशी मरू शकतात, म्हणून ही काळजी. रुग्णाला दाब आणि कंपनं जाणवतात. दुखलं तर लगेच हात वर करावा, भूल वाढवता येते. शेवटी टाके घालतात.

पहिले दहा दिवस

• कापसाचा बोळा सांगितलेला वेळ दाबून धरावा. पहिले २४ तास चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने काही पिऊ नये.
• पहिल्या दिवशी गालावर बाहेरून थोडा-थोडा वेळ बर्फ धरावा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते.
• इंद्रायणी किंवा आंबेमोहोराचा मऊ दहीभात, कोमट वरण, नाचणीची पेज चालते. कडक भाकरी, चिवडा, शेंगदाणे नकोत.
• २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरावी.
• टाके साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात.

मिशरीचं काय

आपल्याकडे अनेक बायका सकाळी मिशरी लावतात आणि तिने दात स्वच्छ राहतात असं मानतात. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. शिवाय ती लावताना बोट थेट हिरड्यांवर फिरतं, म्हणजे ताज्या टाक्यांवरच. विडी-सिगारेट आणि गुटख्यानेही इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेआधीपासूनच हे बंद करावं आणि पुन्हा सुरू करू नये.

हाड धरेपर्यंत

खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा महिने लागतात. या काळात काही दुखत नाही आणि इथेच गफलत होते : दुखत नाही म्हणून लोक त्या बाजूने चावू लागतात किंवा तपासणी चुकवतात. हाडाची पकड पक्की झाल्यावरच माप घेऊन कॅप बसवतात.

लगेच फोन करावा असं काही

• दाबून धरूनही रक्त थांबत नाही.
• तिसऱ्या दिवसानंतर दुखणं किंवा सूज वाढतच जाते.
• ताप किंवा पू येतो.
• दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा हनुवटी बधिर राहते. नसेवर दाब असू शकतो. वाट पाहू नये.
• स्क्रू हलतो.

कायमची निगा

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी आणि हाड सडू शकतं. दोन्ही वेळा मऊ ब्रश, फटीत बारीक ब्रश आणि वर्षातून किमान एकदा तपासणी, एवढं नेटाने करावं. स्क्रूची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक लिहिलेलं कार्ड डॉक्टरांकडून मागून घ्यावं. पुढे दुसऱ्या गावी दुरुस्तीची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना सर्वांत आधी तेच लागेल.